ज्याचा पत्ताच नाही, त्याची सही कशाला?

मिरजेत नर्स असलेल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत, अडचण तीच ठेवली आहे.

ताई ३१ वर्षांच्या, माहेर तासगाव तालुक्यातलं. लग्नाचा शब्द दिलेला माणूस त्यांना पाचवा महिना असताना निघून गेला. फोन बंद, पत्ता नाही, पुन्हा चौकशी नाही. मुलगी झाली. जन्माच्या दाखल्यावर फक्त आईचं नाव आहे. आता ती सात वर्षांची, दुसरीत आहे. दोन वर्षांपूर्वी ताईंचं लग्न झालं. नवरा ३८ वर्षांचा, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. त्यांची पहिली बायको आजारपणात गेली, तिची दहा वर्षांची मुलगी आहे. ताईंच्या मुलीला त्यांना दत्तक घ्यायचं आहे. मामेसासरे म्हणतात, "बापाच्या सहीशिवाय दत्तकपत्र होत नाही. त्याच्या गावी जाऊ, चार पैसे टेकवू आणि स्टॅम्पवर लिहून घेऊ." धाकटे दीर म्हणतात, "बाप मयत आहे असं लिहून द्या, कोण बघतंय?" ताई विचारतात, त्याला शोधावंच लागेल का? उद्या तो येऊन मुलगी मागेल का? "तिच्या नावापुढं बापाचं नाव लागलं की माझी काळजी मिटली," असंही त्या लिहितात. एका ठिकाणी जाता जाता एवढंच आहे, "त्यानं एकदा देवळात हार घातला होता, पण ते काही लग्न नव्हे."

पत्राच्या शेवटी त्या सांगतात, शाळेच्या वह्यांना कव्हरं घालताना थोरलीनं धाकटीच्या लेबलवर आपलंच आडनाव लिहिलं. आई बघतेय म्हटल्यावर ती म्हणाली, "पेन्सिलीनं लिहिलंय. खोडता येतं."

ताई,

आधी उत्तर देते, मग बाकीचं बोलू. त्या माणसाला शोधत फिरायची गरज नाही. तुमची वाट त्याच्या सहीवाचून अडलेली नाही. वाटेत एक कुलूप आहे खरं, पण ते वेगळंच आहे आणि तुमच्या घरात कुणाच्याच ध्यानात आलेलं दिसत नाही. त्याकडे येतेच.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ सालचा. त्याच्या कलम ६ प्रमाणे नवरा-बायकोच्या मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्यानंतर आई. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलासाठी हाच क्रम उलटा आहे, आधी आई, तिच्यानंतर बाप. अशा लेकरासाठी कायद्यात 'अनौरस' हा शब्द आहे. मला तो लिहितानाही जड जातं, त्यात लेकराचा काय दोष? पण कचेरीत तो कानावर पडेल तेव्हा दचकू नका, म्हणून आधीच सांगून ठेवते. त्याच शब्दाखाली तुमचा हक्क पहिला लिहिलेला आहे.

मग मामेसासऱ्यांच्या डोक्यात सहीचं आलं कुठून? तेही हवेतलं नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम ९ म्हणतं की मूल दत्तक द्यायचा हक्क आई आणि बाप दोघांनाही सारखा आहे (आईला तो बरोबरीनं २०१० च्या दुरुस्तीनं मिळाला), पण एकानं देताना दुसऱ्याची संमती हवी. सूट तीनच बाबतींत आहे. दुसऱ्यानं संन्यास घेतला असेल, तो हिंदू राहिला नसेल, किंवा न्यायालयानं त्याला वेडसर ठरवलं असेल. 'सोडून गेला, पत्ता नाही' ही सूट त्या यादीत नाही. लग्नाचा नवरा परागंदा झालाय अशा बायकांना हे कलम फार छळतं. मामेसासऱ्यांनी अशाच कुणाची गोष्ट ऐकलेली असणार. तुमचं तसं नाही. ज्यानं लग्न केलं नाही, मूल आपलं म्हटलं नाही, दाखल्यावर ज्याचं नाव नाही, त्याला त्या कलमातला 'बाप' म्हणून उभं करायचं आणि मग त्याचीच परवानगी मागायची, हे मला कायद्यालाही धरून वाटत नाही आणि न्यायालाही.

पण देवळातल्या हाराजवळ मला थांबावंच लागेल. तुम्ही ते वाक्य पटकन ओलांडून गेलात. नुसता हार घातल्यानं हिंदू लग्न होत नाही. रीतीप्रमाणे विधी व्हावे लागतात, जिथं सप्तपदीची रीत आहे तिथं ती व्हावी लागते. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. तरी मनाशी नीट आठवा. भटजी होते का? चार माणसं होती का? फोटो आहेत का? त्यानंतर खोली घेऊन नवरा-बायको म्हणून किती दिवस राहिलात? तो आधीच कुणाचा नवरा होता का? हे खोदून विचारण्याचं कारण असं की ते लग्न ठरलं तर सगळंच फिरतं, अगदी तुमच्या आत्ताच्या लग्नासकट. आणि लग्न झालं पण ते मुळातच रद्दबातल होतं असं निघालं, समजा त्याची पहिली बायको हयात होती, तरी त्यातलं मूल हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ नं औरस ठरतं, मग बापाच्या संमतीचा प्रश्न नव्यानं उभा राहतो. तुमच्या पत्रावरून यातलं काही झालेलं दिसत नाही. पण वकिलाला हे सगळं पहिल्याच भेटीत सांगा. नवऱ्यासमोर सांगणं अवघड वाटत असेल तर एकट्या जा.

आता मामेसासऱ्यांचा बेत. त्यांचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही, पण हे करू नका. दत्तकाच्या बदल्यात पैसे देणं-घेणं हिंदू दत्तक कायद्याच्या कलम १७ नं बंद केलंय, सहा महिन्यांपर्यंतची कैद होऊ शकते. शिवाय विचार करा, ज्या माणसानं सात वर्षांत एका कागदावरही 'ही माझी मुलगी' म्हटलं नाही, त्याच्याकडून तुम्ही स्वतःच्या खर्चानं, साक्षीदारांसमोर ते लिहून घेणार. आज पैसे घेऊन सही करणारा उद्या आणखी पैशांसाठी दारात येईल.

दिरांचा सल्ला त्याहून धोक्याचा. जिवंत माणूस मयत लिहिणं म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र. गुन्हा तर आहेच, शिवाय दत्तकाचा पायाच भुसभुशीत होतो. तुमची लेक पंचविशीत असेल, नोकरीचं किंवा जमिनीचं काही निघेल आणि कुणीतरी हा कागद उकरून काढेल. तुमच्याजवळ जे खरं आहे तेच पुरेसं आहे. 'मी अविवाहित असताना मूल झालं, संबंधित माणसानं ते कधीही स्वीकारलं नाही, त्याचा आजचा ठावठिकाणा मला माहीत नाही.' इतकं सरळ.

आता ते कुलूप. तुमच्या यजमानांना आधीच एक मुलगी आहे. हिंदू दत्तक कायद्याचं कलम ११ म्हणतं की ज्याला मुलगी हयात आहे त्याला दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. म्हणजे दुय्यम निबंधकाकडे जाऊन दत्तकपत्र नोंदवायचं, मांडीवर बसवायचं, पेढे वाटायचे, हा जो बेत घरात शिजतोय तो त्या माणसाची सही मिळाली तरी टिकणार नाही. नोंदणी होऊनही जाईल कदाचित, आणि म्हणूनच भीती. कागद हातात असेल, पण पुढं कुणी भाऊबंदानं आव्हान दिलं की उभा राहणार नाही. (अशाच वाचकांसाठी आणखी एक. याच कलमात मुलगी दत्तक घेणारा पुरुष तिच्याहून किमान २१ वर्षांनी मोठा हवा. तुमच्याकडे ३१ वर्षांचं अंतर आहे, पण तरुण सावत्र वडील इथं अडकतात.)

तुमच्यासाठी वाट आहे ती बाल न्याय कायदा, २०१५ आणि त्याखालच्या दत्तक नियमांची. तिथं घरात मुलगी असणं आडवं येत नाही. पोटची मुलगी असलेल्या हिंदू जोडप्याला बाल न्याय कायद्याखाली दुसरी मुलगी दत्तक घेता येईल का, हा प्रश्न २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढं आला होता आणि न्यायालयानं हो म्हटलं. ती मुलगी टाकून दिलेली होती, तुमची तुमच्या कुशीतली आहे, पण सावत्र आई-वडिलांसाठी आता नियमांतच स्वतंत्र सोय आहे. तुम्ही आणि यजमान मिळून 'कारा'च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, पोर्टलवर नोंदणी करायची. कागद तपासायचं आणि पुढं पाठवायचं काम जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे असतं. दत्तकाचा आदेश पूर्वी न्यायालय द्यायचं, २०२१ च्या दुरुस्तीनं ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं. या बदलावरून उच्च न्यायालयातही वाद गेला होता, म्हणून आज तुमचा अर्ज कुठल्या टेबलावर जातो ते कक्षात विचारूनच पुढं जा. तुमच्यासाठी सोयीचं म्हणजे जिल्हाधिकारी कचेरी आणि जिल्हा न्यायालय दोन्ही विजयनगरलाच आहेत. मिरजेहून एका रजेच्या दिवसात दोन्हीकडे होईल.

त्या फायलीत 'जन्मदात्या वडिलांची संमती' असा रकाना येईल आणि टेबलामागचा माणूस कदाचित मामेसासऱ्यांचंच वाक्य म्हणेल. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचा ६ जुलै २०१५ चा निकाल वकिलाला पुढं करायला सांगा. ती एक नोकरदार, अविवाहित आई होती. २०१० मध्ये मुलगा झालेला. बचतीला मुलाचं नाव वारस म्हणून लावायला गेली तर तिला सांगण्यात आलं, बापाचं नाव द्या नाहीतर पालकत्वाचा दाखला आणा. बापाचं नाव सांगायला ती तयार नव्हती. खालच्या न्यायालयानं आणि उच्च न्यायालयानं तिला परत पाठवलं. सर्वोच्च न्यायालयानं मात्र म्हटलं की मुलाकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या बापाला नोटीस काढायची गरज नाही, त्याचं नाव उघड करायचीही नाही. अविवाहित आईनं प्रतिज्ञापत्र दिलं की जन्माचा दाखला द्यावा, असंही त्याच निकालात आहे.

पण तो निकाल पालकत्वाचा आहे, दत्तकाचा नाही. पालकत्वाचा आदेश पुढं बदलता येतो, दत्तक कायमचं असतं. त्यामुळे अधिकाऱ्याला किंवा न्यायाधीशाला जास्तीची खात्री करून घ्यावीशी वाटली, त्यांनी एखादा जास्तीचा कागद मागितला, तर घाबरून जाऊ नका. बाल न्याय कायद्यात मूल सोपवून देणाऱ्या अविवाहित आईची एकटीची सही दोन साक्षीदारांसमोर पुरते, बापाची मागत नाहीत. मूल कायमचं देऊन टाकताना जी सही पुरते, ती मूल घरातच ठेवताना का पुरू नये, हा मुद्दा वकिलाला जरूर मांडायला सांगा.

कायद्याचं एवढं झालं. आता तुमच्या त्या वाक्याकडे येऊ, "नावापुढं बापाचं नाव लागलं की काळजी मिटली."

ताई, फक्त नावासाठी एवढा घाट घालायची गरजच नाही. पासपोर्टला २०१६ च्या अखेरीपासून आई किंवा बाप, एकाचं नाव चालतं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचंच नाव येतं. आडनाव बदलायचं तर राजपत्रात नाव बदलून घेता येतं. आपल्या सांगली-सातारा भागात 'दत्तक' म्हटलं की अजून गादी, वतन, वंश हेच मनात येतं. साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी १८४८ मध्ये दत्तक नाकारूनच घशात घातलं, ती आठवण जुन्या घरांत अजून निघते. मुलगी दत्तक घेता येईल हे तर कायद्यानं १९५६ मध्ये मान्य केलं. म्हणून घरातले बोलतात ते नावाचं. तुम्ही सात वर्षं एकटीच्या नावावर लेक वाढवली, रात्रपाळ्या करून. ती अर्धवट नाव घेऊन वाढली असं निदान तुम्ही तरी म्हणू नका.

दत्तक हवं ते दुसऱ्या कारणासाठी. पालकत्व कायद्याच्या कलम ६ चे शब्द पुन्हा वाचा, आधी आई, तिच्यानंतर बाप. उद्या तुम्हाला काही झालं, तर तुमच्या लेकीचा पालक म्हणून कायदा कुणाकडे बघेल? तिला शाळेत सोडणाऱ्या, तिच्या तापात जागणाऱ्या माणसाकडे नाही. त्या कायद्यात सावत्र बाप नैसर्गिक पालकांत धरलेलाच नाही. बघेल त्या पळून गेलेल्या माणसाकडे. 'तो येऊन मागेल का' या तुमच्या भीतीत तथ्य आहे ते इतकंच, पण इतकं जरूर आहे. तुम्ही आहात तोवर त्याचा हक्क तुमच्यानंतरचा आहे. दत्तक झालं की ते नातंच संपतं.

म्हणून एक काम या आठवड्यातच करा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मृत्युपत्र. पालकत्व कायद्याच्या कलम ९ नं तुमच्यासारख्या आईला मृत्युपत्रातून मुलीचा पालक नेमता येतो. साध्या कागदावर लिहा, यजमानांना पालक नेमा, दोन साक्षीदारांसमोर सही करा. साक्षीदारांनीही तुमच्यादेखत सही करायची. नोंदणीची सक्ती नाही, पण करून घेतलेली बरी. दत्तकाचा आदेश यायला वेळ लागेल, मधल्या काळात हा कागद लेकीच्या पाठीशी राहील.

आता एक प्रश्न, जो तुम्हाला आवडणार नाही. हे दत्तक मोडता येत नाही, हे दोघांनीही बसून मोठ्यानं एकमेकांना सांगितलंय का? उद्या तुमचं दोघांचं बिनसलं, तरी ते तिचे बाप राहतील. तिचा ताबा मागायचा, तिला भेटायचा हक्क त्यांना असेल, पोसायची जबाबदारीही असेल. आज ती फक्त तुमची आहे, आदेशानंतर दोघांची होईल. जन्मदात्याकडून तिच्यासाठी पोटगी मागायची वाटही बंद होईल. तुम्ही ती कधी मागितली नाहीत, तरी बंद होतेय हे माहीत असू द्या. तुमच्या पत्रात यजमान काय करतात ते आहे, मामेसासरे काय म्हणतात ते आहे. यजमान स्वतः काय म्हणाले ते मात्र कुठं नाही. त्यांना विचारा, मामा नसताना.

आणि थोरलीचं काय? ती आईविना आहे, दोन वर्षांत तुम्हाला 'आई' म्हणायला लागली असेल किंवा नसेलही. पण घरात एकीला कागद मिळणार आणि दुसरीला नाही, हे तिच्या लक्षात येणारच. तुम्हीही तिला याच नियमांखाली दत्तक घेऊ शकता. तिची आई हयात नाही, वडिलांची संमती घरातच आहे. दोन्ही अर्ज बरोबरच करता येतील का ते कक्षात विचारा. तुमच्या मनात नसेल तर करू नका, पण मनात आणून बघा.

धाकटीलाही सांगावं लागेल. अर्जाचा निर्णय देताना मुलाचं वय आणि समज बघून त्याची इच्छा विचारात घ्यायची असते. तिला पहिल्यांदा हे कुठल्या तरी साहेबांच्या खोलीत कळावं असं तुम्हालाही वाटणार नाही. सुनावणी बंद खोलीत होते, गावभर बोभाटा होईल ही धास्ती सोडा. घरी सांगताना त्या माणसाला राक्षस करू नका, त्याच्यासाठी सबबीही सांगू नका. 'तू पोटात होतीस तेव्हा ते निघून गेले. तू मला हवी होतीस. आता बाबांनाही तू त्यांची म्हणून कागदावर हवी आहेस. तुला चालेल का?' सात वर्षांच्या मुलीला एवढं कळतं. ती नाही म्हणाली, तर थांबा. वर्षभरानं पुन्हा विचारा.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला उत्पन्न न विचारता मोफत वकील द्यायची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे. नेताना मुलीचा जन्मदाखला, तुमचा विवाहनोंदणी दाखला, यजमानांच्या पहिल्या पत्नीचा मृत्यूदाखला, दोघांची आधार कार्डं आणि उत्पन्नाचे कागद न्या. आदेश झाला की त्याच्या आधारे आई-वडील म्हणून तुम्हा दोघांच्या नावाचा नवा जन्मदाखला मिळतो, त्यासाठी आत्ता कुणाच्या ओळखीनं जुना दाखला बदलायला जाऊ नका.

तुमच्यासारख्याच पण वेगळ्या वळणावर असलेल्या दोघी-तिघींसाठी थोडं. लग्नाचा नवरा बेपत्ता असेल, तर घरच्या घरी दत्तकपत्र करू नका. आधी न्यायालयात जा, घटस्फोट, ताबा, जे लागू असेल ते घ्या. आणि दिवस गेलेल्या, मूल सांभाळणं शक्य नसलेल्या अविवाहित मुलीला दवाखान्यातच कुणी "आम्हाला द्या" म्हणत असेल, तर देऊ नका. तुम्ही नर्स आहात ताई, असली माणसं वॉर्डात घुटमळताना तुम्ही पाहिली असतील. तिला बाल कल्याण समितीपुढं न्या, किंवा १०९८ ला फोन करा. तिथं मूल सोपवल्यावर विचार बदलायला ६० दिवस मिळतात, दवाखान्याच्या पायरीवर एकही मिळत नाही.

वहीवरचं लेबल तसंच राहू द्या. शाळेच्या हजेरीत आदेश येईपर्यंत जुनंच नाव राहील, तेवढं दोघींना समजावून सांगा. आणि थोरलीला विचारा, पेन्सिलीनं का लिहिलंस? तिला काहीतरी सांगायचं असणार.